सोपी, मध्यम

महूच्या छावणीमागे डांबर संपतं
आणि मुरूम सुरू होतो, विटकरी, कुरकुरीत,
चाकाखाली फुटाणे चिरडावेत तसा.
तिथल्या पहिल्या दगडावर मी हिरवा बाण काढला.
हिरवा म्हणजे सोपी.
निळा म्हणजे मध्यम.
अवघड वाट दाखवायचीच नाही, बुळ्यांनी ठरवलं,
लाल डबा गणपतीच्या मखरात संपला होता.

एकतीस वर्षं विमा कार्यालयात
मी माणसांची जोखीम आकड्यांत बसवली:
वय, वजन, वडील कशानं गेले.
आता सत्तावन्नाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून
ओढ्यांची, उतारांची, सैल खडीची लिहिते.
वही तीच, उभ्या रेघांची.

पहिली वाट तळ्याला वळसा घालते.
बांधावरून जा, गव्हाला धक्का न लावता.
एके ठिकाणी पाटाचं पाणी आडवं येतं,
तिथं पाय वर उचलायचे आणि ओरडायचं.
ओरडणं सक्तीचं नाही, पण येतंच.
बाभळीपासून जपा. काटा विचारत नाही
तुम्ही शिकाऊ आहात का.
शब्बीर मिस्त्री पंक्चर काढता काढता म्हणतो,
"दीदी, ये टायर है के सुईदान?"

दुसरी जानापावच्या अंगानं चढते.
तिथं माघात साग पानं टाकतो,
ताटाएवढी, वाळून पापड झालेली.
खाली दगड आहे की खड्डा
हे आधी चाकाला कळतं, मग मनगटांना, मग दातांना.
चढाला हलका गिअर. उताराला बूड मागे.
पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.
हे लिहिते, कारण गेल्या रविवारी मी तो दाबला
आणि घाणेरीच्या झुडपात पडून
बराच वेळ आभाळ पाहिलं.
बरं होतं. एक शिक्रा होता.

तर वरच्या वळणावर निळा बाण काढत होते
तेव्हा ती आली. रेशम. नाव मागाहून कळलं.
बापाची काळी, उंच सायकल,
नळीखालून पाय घालून कैचीत चालवलेली,
कॅरिअरला दुधाचा डबा सुतळीनं आवळलेला.
ब्रेक नाहीत. ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा.
आमच्या मध्यम उतारावरून ती सरळ आली
धुळीची शेपटी सोडत
आणि बुळ्यांपासून हातभरावर थांबली.

"ये रंग काहे का?"

बुळ्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं
आणि शाळा तपासायला आल्यासारखं समजावलं,
सोपी म्हणजे, मध्यम म्हणजे.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"डब्बा खाली के भरा?"

बुळे माझ्याकडे बघू लागले.
वहीत पावसाळा होता, उन्हाळा होता,
शिकाऊ होता, सराईत होता.
हा रकाना नव्हता.
मी विचारलं, और अभी?
तिनं डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.
बद्द आवाज आला. काठोकाठ.

जाताना तिनं ओल्या बाणाला अंगठा लावून पाहिला,
फ्रॉकला पुसला,
चपलेनं जमीन ढकलली आणि गेली.
बाणाच्या टोकाला एक खळगा राहिला.
मी तो भरला नाही.

उन्हं कलल्यावर आम्ही उतरलो, आलो त्याच वाटेनं.
बुळे पुढे, शिट्टी वाजवत. मग शिट्टी थांबली.
खालून वर येताना काढलेले सगळे बाण
खालून येणाऱ्याकडे तोंड करून होते.
आता दगडांच्या नुसत्या पाठी,
कोऱ्या, शेवाळाचे डाग असलेल्या.
सकाळी भरल्या डब्यानं उतरणाऱ्याला
आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

"उद्या पुन्हा यावं लागणार," बुळे म्हणाले,
"रंग पुरेल?"

मी सायकल बाभळीपासून लांब टेकवली
आणि डबा कानाशी धरून हलवला.